नवी बॅटरी टाकूनही गाडीचा सेल्फ पुन्हा पुन्हा का बसतो

माझी गाडी १५० सीसीची, कार्ब्युरेटरवाली, ऑक्टोबर २०१७ मध्ये घेतलेली. शोरूममधून आलेली १२ व्होल्ट ९ अँपिअर-अवरची बॅटरी जून २०२२ पर्यंत चालली. पावणेपाच वर्षं म्हणजे तिने भरपूर साथ दिली, म्हणून ती बसल्याचं फारसं वाटलं नाही. दुसरी टाकली, ती चौदा महिन्यांत गेली. तिसरी नवव्या महिन्यात कुंथायला लागली तेव्हा मात्र मी हादरलो. पैसे जातात ते जातातच, पण सकाळी ऑफिसच्या वेळेला सेल्फचं बटण दाबावं आणि सीटखालून नुसतं टक-टक ऐकू यावं, यासारखा वैताग नाही.

बॅटरी ज्या दुकानातून घेतली तिथे गेलो. त्यांनी रात्रभर चार्ज करून टेस्टरवर लावली आणि म्हणाले, बॅटरी ओके आहे, वॉरंटीत बदलता येणार नाही. त्या दिवशी राग आला होता. आज सांगतो, त्यांचं बरोबर होतं. बॅटरी चांगलीच होती, खोट गाडीत होती. नवी बॅटरी टाकून आपण त्या खोटीला नवं भक्ष्य देत होतो.

एमआयडीसीच्या रस्त्याला वायरिंगचं काम करणारे एक वयस्कर काका आहेत. तिसऱ्या वेळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बॅटरीला हातही लावला नाही. आधी विचारलं, "बाळा, कुठल्या वारी बंद पडते?"

मी म्हणालो, "काका, वाराचा काय संबंध?"

"हाय की. रोज बंद पडती का ठरावीक वारी, ते सांग आधी."

आठवून पाहिलं आणि चकितच झालो. सोमवारी पहिल्या टचला गाडी चालू. बुधवारपर्यंत काही जाणवायचं नाही. गुरुवारी सेल्फचा आवाज जड, ओढून ताणून आल्यासारखा. शुक्रवारी टक-टक, आणि बटण दाबलं की मीटरमधले आकडे विझून परत यायचे. मग किक मारायची. शनिवारी मी गावाला जातो, साताऱ्याहून वाईच्या पुढे, एका बाजूला पंचेचाळीस किलोमीटर. रविवारी रात्री परत. सोमवारी पुन्हा गाडी ठणठणीत.

"म्हंजे गाडी चार्जिंग करतीया," काका म्हणाले. "बॅटरीचा काय दोष न्हाय. तिचं रगात कोण पितंय ते हुडक."

पुढचं सगळं या एका वाक्यातून निघालं. तुमचीही बॅटरी वरचेवर बसत असेल तर बॅटरीच्या दुकानात जाण्याआधी तीनचारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणा आणि एक रविवार काढा. नव्या बॅटरीपेक्षा हे स्वस्त पडतं.

मुळात बॅटरीच दुखतेय का, हे आधी पाहा

सेल्फ लागत नाही म्हणजे बॅटरी गेली, असं आपण धरून चालतो. बटण दाबल्यावर नेमकं काय होतं ते कान देऊन ऐका. टक-टक आवाज येतो आणि हेडलाइट मंद होतो, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनलचा जोड खराब आहे. एकच 'टक' येतो आणि लाइट जराही मंद होत नाही, तर रिले किंवा सेल्फ मोटरकडे बघा. मोटर सुसाट फिरते पण इंजिन फिरत नाही, तर सेल्फचा वन-वे क्लच गेलाय. काहीच आवाज नाही, तर क्लच दाबल्यावर लागणारा स्विच, साइड स्टँडचा स्विच, किल स्विच, फ्यूज. या शेवटच्या तीन प्रकारांत कितीही भारी बॅटरी टाकली तरी फरक पडणार नाही.

मग टर्मिनल. दहाचा पाना घेऊन दोन्ही नट हलवून बघा. वरून घट्ट वाटणारा नट पुष्कळदा अर्धा आटा सैल असतो, कारण छोट्या बॅटरीच्या टर्मिनलमधला चौकोनी नट आतल्या आत सरकतो. पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, नट आवळा आणि मग वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, ॲसिड मारलं जातं. वायर काढताना निगेटिव्ह आधी आणि लावताना निगेटिव्ह शेवटी, हा क्रम मोडू नका. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना चासीला टेकला तर जागेवर ठिणगी उडते.

अर्थिंगची वायर सगळे विसरतात. बॅटरीच्या निगेटिव्हपासून निघालेली जाड काळी वायर चासीला किंवा इंजिनला जिथे बोल्टने लागते तिथे आमच्याकडच्या पावसाळ्यात हमखास गंज चढतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या कोऱ्या धातूला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला तर करंट त्या सांध्यात अडकतोय. बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासला की निम्म्या गाड्या सुधारतात.

आकडे काय सांगतात

बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. म्हणून भरलेली बॅटरी १२.६ च्या वर दिसते, मेंटेनन्स-फ्री असेल तर १२.८ पर्यंत. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे तळाला आलेली. १२ आहे म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी फुल्ल आहे, हा समज मी गॅरेजमध्येसुद्धा ऐकलाय. तो चुकीचा आहे. हा आकडा गाडी चालवून आल्या आल्या घेऊ नका, तेव्हा तो फुगलेला दिसतो. रात्रभर गाडी उभी राहू द्या आणि सकाळी चावी लावायच्या आधी घ्या.

मी आठवडाभर रोज सकाळी घेतला. सोमवारी १२.५५, बुधवारी १२.३६, शुक्रवारी १२.०९. वहीत लिहिलेले हे तीन आकडे बघितल्यावर दुसऱ्या पुराव्याची गरज राहिली नाही. आणि सोमवारचा आकडाही पाहा. नव्वद किलोमीटर पळून आल्यावरसुद्धा बॅटरी पूर्ण भरत नव्हती.

दुसरी चाचणी सेल्फ मारतानाची. मीटर टर्मिनलला लावून ठेवायचा आणि बटण दाबायचं. भरलेली, धडधाकट बॅटरी ९.६ ते १० च्या खाली जात नाही. रात्री १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच सात-आठवर कोसळत असेल तर ती आतून संपली आहे. व्होल्ट आहेत पण दम नाही. ती बदलावीच लागेल, पण ती का संपली हे शोधूनच.

तिसरी चाचणी चार्जिंगची. इंजिन गरम करून रेस द्या, ४००० आरपीएमच्या आसपास बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. माझ्या गाडीला १४.१ होते, म्हणजे मॅग्नेट कॉईल (इंजिनावर फिरून वीज तयार करणारी) आणि आरआर युनिट (ती वीज बॅटरीजोगी करून देणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) दोन्ही व्यवस्थित. रेस देऊनही १२.५ च्या पुढे सरकत नसेल तर आधी आरआर युनिटचं सॉकेट उघडून बघा. त्यातली पिवळी वायर जळून तपकिरी झालेली पुष्कळदा सापडते. तीन पिवळ्या वायरींची कॉईल असेल तर सॉकेट सोडवून मीटर एसीवर घ्या आणि दोन-दोन वायरींमधले व्होल्ट बघा. तिन्ही जोड्यांत सारखे आणि रेसबरोबर वाढणारे हवेत. एक जोडी मागे पडली तर कॉईल जळाली.

लीकेज कसं शोधलं

चार्जिंग ठीक, अर्थिंग ठीक, टर्मिनल ठीक. मग उभ्या गाडीत कुणीतरी करंट ओढतंय. हे मोजायला मीटर व्होल्टवर नाही, अँपिअरवर लागतो आणि इथे चूक झाली तर मीटरचा फ्यूज जातो, म्हणून सावकाश सांगतो.

चावी बंद. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, नॉब १० अँपिअरवर न्या. आता एक टोक सुटलेल्या काळ्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाईल. या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही, चावीही चालू करायची नाही. आणि अँपिअरच्या भोकात पिन असताना चुकूनही बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर टोकं टेकवायची नाहीत, तो सरळ शॉर्ट होतो. १० अँपिअरवर आकडा अगदी बारीक दिसला की मिलिअँपिअरच्या रेंजवर या. इंजेक्शनवाली गाडी असेल तर चावी बंद केल्यावर काही मिनिटं थांबा, ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, झोपी जायला वेळ घेतो.

साध्या गाडीत उभ्या अवस्थेत एखादा मिलिअँपिअर, घड्याळ आणि ईसीयू असलेल्या गाडीत त्याहून थोडा जास्त करंट जाणं स्वाभाविक आहे. माझ्या मीटरवर ३६.२ मिलिअँपिअर आला.

काकांनी मेन फ्यूज उपटला. आकडा तोच. एरवी एकेक फ्यूज काढत जायचं आणि ज्याला आकडा पडतो त्या लाइनीत चोर, अशी पद्धत. पण मेन फ्यूज काढूनही आकडा हलत नाही याचा अर्थ चोर फ्यूजच्या अलीकडे बसलाय, थेट बॅटरीवर. काकांनी पॉझिटिव्ह टर्मिनलचा रबरी टोप वर केला. नटाखाली दोन वायरी होत्या. एक जाड, कंपनीची. दुसरी सुतळीएवढी बारीक, लाल, उन्हाने रंग गेलेली. ती बोटाने चाचपत टाकीखाली गेलो तर चिकटपट्टी गुंडाळलेली काळी डबी हाताला लागली. चोरी-अलार्म. तिचं सॉकेट ओढलं आणि मीटर ०.६ वर आला.

२०२१ च्या दिवाळीत आमच्या सोसायटीतून एक गाडी चोरीला गेली, तेव्हा घाबरून मी तो बाजारातला अलार्म बसवून घेतला होता. सात महिन्यांनी जुनी बॅटरी बसली, मी म्हटलं वय झालं. मधे इतका काळ गेल्याने दोन गोष्टींचा संबंध डोक्यात आलाच नाही. बॅटरीचा त्रास असलेल्या प्रत्येकाला आता मी पहिला प्रश्न हाच विचारतो: त्रास सुरू होण्याआधीच्या वर्षभरात गाडीत नवीन काय बसवलं? अलार्म, जीपीएस ट्रॅकर, हँडलवरचा मोबाइल चार्जर, फॉग लाइट, जोडीचा हॉर्न, काहीही.

३६ मिलिअँपिअर ऐकायला किरकोळ वाटतात, पण चोवीस तासांनी गुणा. दिवसाला ०.८६ अँपिअर-अवर, पाच दिवसांत ४.३, म्हणजे ९ च्या बॅटरीतली जवळजवळ निम्मी. माझं ऑफिस अडीच किलोमीटरवर, जाऊन-येऊन गाडी जेमतेम पंधरा-सोळा मिनिटं चालते. तेवढ्यात लाइट-हॉर्न भागवून बॅटरीला एक अँपिअर मिळाला असं धरलं तरी दिवसाला पाव अँपिअर-अवर परत येतो. वर चारदा सेल्फ. दर दिवशी खर्च जास्त, जमा कमी. शनिवार-रविवारची फेरी तो खड्डा बुजवायची, पण काठोकाठ कधीच नाही. हीच बॅटरी ५ अँपिअर-अवरची असती, तर बुधवारीच हात टेकले असते.

आणि बॅटरी नुसती उतरत नाही, मरते, ते या अर्धपोटी राहण्यानेच. करंट देताना प्लेटांवर शिशाचं सल्फेट जमतं, चार्ज होताना ते पुन्हा विरघळतं. बॅटरी बरेच दिवस अर्धवट भरलेली राहिली की त्या सल्फेटचे कडक स्फटिक होतात आणि मग चार्जिंगलाही दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा बाद. माझ्या गाडीला किक होती म्हणूनच हे दुखणं इतकं लांबलं. शुक्रवारी सेल्फ लागला नाही की किक मारायची आणि निघायचं, बॅटरी बिचारी तशीच अर्धपोटी पुढच्या आठवड्यात. किक नसती तर पहिल्याच महिन्यात मी कारण शोधलं असतं.

अलार्म काढून टाकला, डिस्क लॉक घेतलं. तिसरी बॅटरी हळू चार्ज केल्यावर आणखी सहा महिने चालली, पण तिचं आयुष्य आधीच खाल्लं गेलं होतं. आता चौथी आहे. शुक्रवारी सकाळचा आकडा १२.६ च्या खाली अजून आलेला नाही.

ट्रॅकर हवाच असेल तर तो उभ्या गाडीत किती ओढतो हे याच पद्धतीने मोजा आणि गाडी कमी चालत असेल तर आठवड्याला एकदा चार्जर लावा. मोबाइल चार्जर मात्र थेट बॅटरीवर लावू देऊ नका. चावी बंद केल्यावर बंद होणाऱ्या लाइनीवर, स्वतःचा छोटा फ्यूज घालून घ्या. मोबाइल लावलेला नसला तरी त्या चार्जरची डबी थोडा करंट पीतच असते.

मावसभावाची स्कूटर, मित्राची गाडी

लीकेज नसतानाही बॅटरी बसते. माझ्या मावसभावाच्या स्कूटरला उभ्या अवस्थेत काहीच गळती नव्हती, रेसवर चार्जिंगही बरं दिसत होतं. संध्याकाळी गाडी भिंतीला पाठ करून उभी केली, चावी दिली, आणि भिंतीवर लाल उजेड लख्ख पडला. ब्रेकला कुणाचाही हात नव्हता. लिव्हर दाबून बघितला तर उजेडात काडीचा फरक नाही. ब्रेकचा स्विच आत अडकून बसला होता, ब्रेक लाइट कायमचा चालू. साध्या बल्बचा ब्रेक लाइट २१ वॅटचा असतो, म्हणजे पावणेदोन अँपिअर. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंद करता येत नाही, तो ३५ वॅटचा हॅलोजन असला तर त्याचेच जवळजवळ तीन अँपिअर. सिग्नलला, गर्दीत, इंजिन नुसतं फुरफुरत असताना एवढा भार पेलून बॅटरीला उरणार काय? स्विच स्वच्छ करून, तेलाचा थेंब सोडून बसवला आणि त्रास संपला. गाडी मागून आपल्याला दिसत नाही म्हणून हे वर्षानुवर्षं कळत नाही. आज संध्याकाळी भिंतीजवळ एकदा बघाच. ३५ च्या जागी ६०-५५ वॅटचा बल्ब बसवलेल्या गाड्यांचंही असंच होतं.

उलटा प्रकार कोरेगावच्या मित्राचा. त्याची पाण्याची बॅटरी, आणि दर पंधरा दिवसांनी पाणी खाली. बाजूची भिंत फुगलेली, सीट उचलली की कुजक्या अंड्यासारखा वास, शिवाय बल्ब सारखे उडायचे. रेसवर मीटर लावला तर १५.७. बॅटरी उपाशी नव्हती, अजीर्णाने मरत होती. आरआर युनिट बदललं, १४.३ वर आलं. १५ च्या वर आकडा गेला तर एक दिवसही थांबू नका, आणि मेंटेनन्स-फ्री बॅटरी असेल तर जास्तच, कारण उडून गेलेलं पाणी तिच्यात परत घालता येत नाही. तिची वरची पट्टी उचकटून पाणी भरणारे लोक आहेत. कृपा करून करू नका.

नवी घेताना आणि नंतर

माझ्या दुसऱ्या बॅटरीच्या बाबतीत आणखी एक घात झाला होता. कोरडी बॅटरी, दुकानदाराने समोर ॲसिड भरलं आणि दहा मिनिटांत गाडीत बसवून दिली. मी खूशच झालो, लवकर काम झालं म्हणून. तसं करायचं नसतं. ॲसिड भरल्यावर अर्धा तास तरी प्लेटा भिजू द्यायच्या, मग अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ९ च्या बॅटरीला ०.९ अँपिअरने, लेबलवर दिलेले तास चार्ज करायचं. पहिलं चार्जिंग अर्धवट राहिलं की बॅटरी पुढे कधीच पूर्ण ताकदीला येत नाही. घाई असेल तर आधीच भरलेली, सीलबंद घ्या, पण पैसे देण्याआधी टर्मिनलवर मीटर लावून १२.६ च्या वर आहे ना बघा आणि अंगावर छापलेला उत्पादनाचा महिना दुकानदाराकडून वाचून घ्या. शेल्फवर पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते.

दहाव्या हिश्श्याचा नियम नंतरही तोच. कारच्या गॅरेजमध्ये मोठ्या चार्जरवर तासाभरात 'फुल्ल' करून देतात, तिथे दुचाकीची बॅटरी देऊ नका. पाच-दहा अँपिअर तिच्या अंगावर घातले की ती आतून उकळते. एक अँपिअरचा ऑटोमॅटिक चार्जर घरी असला तर उत्तम. चार्जिंग मोकळ्या हवेत करा, जवळ विडी-काडी नको, बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. उकळून गार केलेलं नाही, आरओचं नाही, एसीच्या नळीतून गळणारंही नाही. ॲसिड तर कधीच वाढवायचं नाही, कारण उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतपत आधी घाला, चार्ज करा, आणि मग वरच्या रेघेपर्यंत. रेघेच्या वर गेलं की ते गरम होऊन बाहेर येतं आणि चासी खातं. बाजूची बारीक नळी दुमडलेली किंवा चिखलाने बुजलेली नाही ना, तेही तेव्हाच बघा. एप्रिल-मे महिन्यात दर पंधरवड्याला, एरवी महिन्याला एकदा पातळी बघितली की पुरे. उन्हाची झळ बॅटरीला थंडीपेक्षा जास्त मारते, फक्त बिंग थंडीत फुटतं, इंजिन ऑइल जड झालं की. त्यामुळे पत्र्याच्या शेडखाली तापणारी गाडी झाडाखाली लावता आली तर लावा.

सकाळी गाडी दोनतीन प्रयत्नांत चालू होत नसेल तर सेल्फ रगडत बसू नका. सेल्फ मोटर पन्नासएक अँपिअर ओढते असं धरा, पाच-पाच सेकंदांचे दहा प्रयत्न म्हणजे ०.७ अँपिअर-अवर गेले, म्हणजे माझ्या अलार्मचा जवळजवळ दिवसभराचा खुराक मिनिटाभरात. चोक, प्लग, पेट्रोल बघा. ज्या गाडीला किक आहे तिला सकाळची पहिली किकच द्या.

गाडी उभी राहणार असेल तर काय, हे २०२० च्या लॉकडाऊनने सगळ्यांना शिकवलं. दोन-तीन महिने हलल्या नाहीत आणि बाहेर काढल्यावर कितीतरी गाड्यांच्या बॅटऱ्या बसलेल्या. दर आठवड्याला दहा मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवायचं, हा तेव्हाचा आवडता सल्ला फारसा कामाचा नाही. जागेवरच्या इंजिनाला हेडलाइटचा खर्च भागवतानाच दम लागतो, सेल्फमध्ये गेलेलं परत मिळेल याचीही खात्री नाही. त्यापेक्षा निगेटिव्ह वायर काढून ठेवा. माझा जहाजावर नोकरी करणारा मित्र जाताना बॅटरीच काढून घरात ठेवतो आणि त्याचे वडील दर महिन्याच्या एक तारखेला तिला चार्जर लावतात. नुसती ठेवलेली बॅटरीही महिन्याला काही टक्के आपोआप उतरते, उकाड्यात जास्तच, म्हणून ही महिन्याची पाळी.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांबद्दल एक वेगळी सूचना. त्यातल्या बहुतेक इंजेक्शनवाल्या आहेत आणि अनेकींना किक नाही. बॅटरी पूर्ण मेली की पेट्रोल पंपच चालत नाही, मग कितीही ढकला, चालू होत नाही. अशा वेळी दुसऱ्या बॅटरीवरून केबल लावून चालू करा. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, आणि शेवटचं काळं टोक बॅटरीऐवजी बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनच्या धातूला. कारवरून जोडत असाल तर कारचं इंजिन बंद ठेवा. असं चालू केल्यावर थेट मीटरकडे या, केबलने आजचा दिवस निभावतो, दुखणं तिथेच असतं.

या गाड्यांवर सेल्फ जड यायला लागला की पहिल्याच आठवड्यात सकाळचे आकडे लिहायला घ्या. सोमवार ते शनिवार, सहा आकडे. दिवसागणिक सारखे उतरत गेले तर लीकेज किंवा अपुरं चार्जिंग. पहिल्या दिवसापासून ठाम १२.६ आणि तरी सेल्फ जड, तर अर्थिंग, टर्मिनल किंवा दम गेलेली बॅटरी. आकडे घेऊन गेलात की मेकॅनिकही अंदाजाने बॅटरी बदला म्हणत नाही, थेट त्या जागी हात घालतो.

मेलेली बॅटरी माळ्यावर किंवा घराच्या मागे टाकू नका. आत शिसं आणि ॲसिड असतं, लहान मुलं घरात असतील तर विचारूच नका. नवी घेताना दुकानात जुनी परत द्या, बिलात तिचे पैसे वजा होतात. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची रीतसर विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारवाल्याला चार पैसे जास्त मिळतात म्हणून देऊ नका. तो ॲसिड गटारात ओततो.